पाऊल साडेबावीस इंचांचं

अमेरिकन फुटबॉलचं मैदान शंभर यार्ड लांब, आणि त्यावर दर पाच यार्डांनी एक आडवी पांढरी रेघ. चेंडू किती पुढे सरकला हे कळावं म्हणून मारलेल्या या रेघा. पण ऑगस्टच्या उन्हात फ्लोरिडातल्या टॅलाहासी किंवा लुइझियानातल्या बॅटन रूज इथल्या विद्यापीठाच्या मैदानावर गेलात, तर खेळाडूंपेक्षा दुसरीच मंडळी, म्हणजे विद्यापीठाच्या बँडमधली मुलं, या रेघांना जास्त धरून असल्याचं दिसेल. अंगात घामाने चिकटलेला टी-शर्ट, हातात वाद्यसुद्धा नाही, आणि तोंडाने एक ते आठ आकडे. आठव्या आकड्याला पायाचा चवडा रेघेवर पडला पाहिजे. पाच यार्ड म्हणजे १८० इंच. त्याला आठाने भागलं की २२.५ इंच. सहा फुटी मुलाचं पाऊल तेवढंच आणि पाच फुटी मुलीचंही तेवढंच.

इथवर ठीक आहे. अमेरिकेतले बरेच बँड असंच मोजून चालतात. या मैदानावरची खरी मेख गुडघ्यात आहे. प्रत्येक पावलाला गुडघा कमरेपर्यंत वर आला पाहिजे, मांडी जमिनीला समांतर, अंगठा खाली रोखलेला, धड मात्र जराही हलायचं नाही. हे किती कठीण आहे हे वाचून कळत नाही. घरात उभं राहून बत्तीस पावलं अशी टाकून बघा. विसाव्या पावलाला मांड्या बोलायला लागतील. मग अंगाभोवती गुंडाळलेला बारा-पंधरा किलोंचा पितळी सूसाफोन मनात आणा. लग्नाच्या वरातीत बँडच्या मागच्या रांगेत जो भलामोठा, डोक्यावरून तोंड काढलेला कर्णा दिसतो, तोच हा. तो वाजवत, रेघा न चुकवता, हसऱ्या चेहऱ्याने सगळा खेळ उभा करायचा.

गुडघा इतका उचलायचा कशासाठी? लष्करी संचलनाला त्याची गरज नाही. उलट शिपायाला कमी दमून जास्त अंतर कापायचं असतं. सुरांना तर त्याचा त्रासच होतो, कारण पाय आपटला की ओठ हलतात आणि ओठ हलले की ट्रम्पेटचा सूर थरथरतो. माझ्या मते याचं उत्तर मैदानाबाहेर आहे. स्टेडियमच्या अगदी वरच्या, स्वस्तातल्या रांगेत बसलेल्या माणसाला ते पाऊल दिसावं, एवढ्यासाठी. हे बँड परीक्षकासाठी वाजवत नाहीत, गॅलरीसाठी वाजवतात. ही एक गोष्ट धरून ठेवली की त्यांच्या बाकीच्या बऱ्याच तऱ्हा आपोआप उलगडतात.

ही मुलं ज्या संस्थांतली आहेत त्यांना अमेरिकेत ‘एचबीसीयू’ म्हणतात. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी १९६४ पूर्वी निघालेली महाविद्यालयं आणि विद्यापीठं, अशी त्यांची कायद्यातली व्याख्या. आज त्या शंभरच्या आसपास आहेत. पहिली १८३७ साली पेनसिल्व्हेनियात निघाली, पण बहुतेक सगळ्या यादवी युद्धानंतर, म्हणजे १८६५ नंतर, दक्षिणेतल्या राज्यांत उभ्या राहिल्या. गुलामगिरी गेली होती, गोऱ्यांच्या महाविद्यालयांची दारं मात्र बंदच होती. १८९० साली केंद्र सरकारने शेती आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या संस्थांना पैसे देताना राज्यांना अट घातली, की कृष्णवर्णीयांना प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळी संस्था चालवा. दक्षिणेने कोणती वाट धरली असेल हे सांगायला नको. फ्लोरिडा ए अँड एम, अलाबामा ए अँड एम या नावांतला ‘ए’ शेतीचा आणि ‘एम’ यंत्रविद्येचा, तो त्या काळचा.

शेती-यंत्रविद्येच्या या संस्थांत लष्करी कवायतही शिकवली जाई. म्हणजे गणवेश आला, रांगा आल्या, आणि रांगा आल्या की बँड आलाच. यादवी युद्धात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेकडून लढले होते आणि त्यांच्या पलटणींचे बँड होते. पहिल्या महायुद्धात जेम्स रीझ युरोप याने न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय पलटणीचा, ३६९व्या रेजिमेंटचा, बँड फ्रान्समध्ये नेला आणि १९१८ साली तिथल्या लोकांना लष्करी वाद्यांतून एक वेगळाच, लचकता ठेका ऐकवला. बंदूक हाती देताना सरकार दहा वेळा विचार करी. कॉर्नेट देताना तेवढा करत नसे.

पण वाजवायचं काय, यावरून घरातच भांडण होतं. १९०० ते १९०२ या काळात अलाबामा ए अँड एममध्ये बँड शिकवायला डब्ल्यू. सी. हँडी नावाचा एक तरुण होता. पुढे ज्याला ‘ब्लूजचा जनक’ म्हणू लागले, तोच. संस्थेचा कल युरोपच्या अभिजात संगीताकडे. आपली मुलं सुसंस्कृत दिसावीत, गोऱ्यांनी बोट ठेवायला जागा राहू नये, ही काळजी. रस्त्यावरचं रॅगटाइम म्हणजे हलकं, थिल्लर. हँडीने आत्मचरित्रात सांगितलेला किस्सा असा, की त्याने एक चालू रॅगटाइम धून घेतली, तिला हैतीच्या स्वातंत्र्यवीराच्या नावाचं भारदस्त शीर्षक दिलं आणि ती अभिजात रचना म्हणून कार्यक्रमात घुसवली. धून वाजली आणि श्रोते खूश झाले. मला हा किस्सा पुढच्या शंभर वर्षांची नांदी वाटतो. बाहेरून कडक इस्त्रीचा गणवेश आणि आतून गल्लीतला ठेका.

हे दोन्ही उघडपणे एकत्र आणलं ते विल्यम पी. फॉस्टर यांनी. कॅन्ससमध्ये १९१९ साली जन्मलेला हा मुलगा क्लॅरिनेट वाजवायचा आणि त्याला वाद्यवृंद संचालक व्हायचं होतं. कॅन्सस विद्यापीठात शिकताना त्याला वरिष्ठांकडून ऐकावं लागलं, की कृष्णवर्णीय संचालकाला नोकरी कोण देणार, हा नाद सोड. नाद सुटला नाही. १९४६ साली, अजून विशीतच असताना, फॉस्टर टॅलाहासीला, फ्लोरिडा ए अँड एममध्ये आले आणि त्यांनी तिथल्या बँडची नव्याने बांधणी सुरू केली. ‘मार्चिंग हंड्रेड’ हे त्या बँडचं नाव. पुढे त्यात शंभराच्या कितीतरी पट मुलं झाली, नाव तेच राहिलं. १९९८ साली निवृत्त होईपर्यंत बावन्न वर्षं ते तिथेच होते.

फॉस्टर यांनी पावलांशी जे खेळ केले ते बघण्यासारखे आहेत. नेहमीचा संचलनाचा वेग मिनिटाला १२० पावलं. त्यांनी तो दुप्पट केला, मिनिटाला २४०. म्हणजे सेकंदाला चार पावलं, गुडघे वर, आणि तोंडाला वाद्य. लोक त्यावर टाळ्या पिटतात. पण मला त्यांची उलटी करामत जास्त भारी वाटते. मिनिटाला फक्त २० पावलं. एक पाय वर घेतलेला, तीन सेकंद जातात, आणि मग तो जमिनीला टेकतो. शेकडो मुलं एका पायावर तोल सांभाळत उभी, वाद्यं अंगावर, आणि कुणाचाही पाय डगमगत नाही. वेगात चुका लपतात. संथपणात एकही लपत नाही.

सगळं संगीत पाठ असलंच पाहिजे, मैदानावर कागद दिसता कामा नये, आकृत्या उभ्या राहून दाखवायच्या नाहीत तर हलत्या-फिरत्या दाखवायच्या, आणि वाजवायचं ते लोकांच्या तोंडी असलेलं, असा सगळा कारभार. १९८५ साली महाविद्यालयीन मार्चिंग बँडसाठीचा मानाचा सडलर चषक त्यांच्या बँडला मिळाला. आणि १४ जुलै १९८९ रोजी फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीची मिरवणूक पॅरिसच्या शाँझेलिझेवरून निघाली, तेव्हा अमेरिकेच्या वतीने त्यात हाच बँड होता. क्रांतीच्या दोनशेव्या वाढदिवसाला टॅलाहासीची मुलं मूनवॉक करत मागे मागे सरकत निघाली. ज्याला नोकरी मिळणार नाही म्हणाले होते, त्याचा बँड हा.

एकच बँड डोळ्यांपुढे ठेवला तर बाकीच्यांवर अन्याय होईल, कारण इथे प्रत्येकाला वाटतं की खरा बँड आपलाच. नावंच बघा. जॅक्सन स्टेटचा ‘सॉनिक बूम ऑफ द साउथ’, म्हणजे दक्षिणेचा ध्वनिस्फोट. टेनेसी स्टेटचा ‘ॲरिस्टोक्रॅट ऑफ बँड्स’, बँडमधले खानदानी. ग्रॅम्बलिंगवाल्यांनी तर नावातच ‘वर्ल्ड फेम्ड’ घालून टाकलंय. विनय हा गुण इथे कामाचा नाही. पण ग्रॅम्बलिंगची बढाई अगदीच पोकळ नाही. १५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये जो सामना झाला, ज्याला आज आपण पहिला सुपर बोल म्हणतो, त्याच्या मध्यंतरात ॲरिझोना विद्यापीठाच्या बँडबरोबर ग्रॅम्बलिंगचा बँड होता. आज त्या मध्यंतरात जगातले बडे गायक येतात. त्या जागेवर आधी लुइझियानातल्या एका छोट्या गावचे विद्यार्थी उभे राहून गेलेत.

सदर्न विद्यापीठाच्या बँडचं नाव ‘ह्यूमन ज्यूकबॉक्स’. नाणं टाका आणि हवं ते गाणं ऐका, तसं हे माणसांचं यंत्र. रेडिओवर नवं गाणं आलं की बँडमधला कुणीतरी ते कानाने उतरवून घेतो. मग कोणती ओळ ट्रम्पेटला, कोणती ट्रॉम्बोनला, खालचा घुमारा सूसाफोनला, अशी वाटणी होते आणि शनिवारच्या सामन्याला ते गाणं मैदानात उतरतं. गाणं जुनं होण्याआधी वाजलं पाहिजे. गॅलरीतल्या लोकांनी आदल्या आठवड्यात जे गाडीत ऐकलं तेच त्यांना हवं असतं.

या बँडच्या आवाजाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तो फोनवर ऐकून काही समजत नाही. मोबाइलचा माइक पहिल्याच फटक्याला हात टेकतो. बासरी-क्लॅरिनेटपेक्षा पितळी वाद्यांवर भर. पितळी वाद्याचं तोंड ज्या दिशेला, त्या दिशेला त्याचे वरचे, धारदार सूर सरळ जातात. म्हणून सगळ्यांनी एकाच क्षणी वाद्यं वर उचलली की गॅलरीवर आवाजाची भिंत येऊन आदळते. वाद्यं डावी-उजवीकडे झुलवली तर तोच आवाज लाटेसारखा येतो आणि ओसरतो. हे झुलणं नुसतं दिसण्यासाठी नसतं. नुसताच गोंगाट, अशी नाकं मुरडणारे लोक आहेत. त्यांनी याच बँडने मैदानाच्या मधोमध उभं राहून वाजवलेलं एखादं संथ प्रेमगीत ऐकावं. दोन-अडीचशे पितळी वाद्यं कुजबुजल्यासारखी वाजवायला छातीत जास्त दम लागतो. टेनेसी स्टेटच्या मुलांनी चर्चमधल्या भक्तिगीतांचा ‘द अर्बन हिम्नल’ हा अल्बम केला, त्याला २०२३ साली ग्रॅमी मिळालं. महाविद्यालयाच्या मार्चिंग बँडला ग्रॅमी मिळाल्याची ही पहिलीच वेळ.

आणि नाच. कार्यक्रमाचा एक भाग असा असतो की त्यात रांगा मोडत नाहीत, पण माणसं मोडतात. आतापर्यंत खिळ्यासारखी ताठ असलेली मुलं वाद्य सांभाळत कंबर, खांदे, गुडघे सैल सोडतात आणि सगळे एकसाथ नाचतात. याआधी बँडच्या पुढे चालणाऱ्या ड्रम मेजरने शिट्टी मारून, काठी उंच धरून, पाठीची कमान करत डोक्यावरची तुऱ्याची टोपी जमिनीला टेकवलेली असते. कवायत आणि नाच यांत आपण उगाच भिंत घालतो. साडेबावीस इंचांवर महिनाभर बसवलेला पायच असा एकजुटीने नाचू शकतो.

जॅक्सन स्टेटमध्ये १९७०च्या सुमारास बँडपुढे काठ्या फिरवणाऱ्या मुलींनी काठ्या खाली ठेवायचं ठरवलं. त्यांना नाचायचं होतं. शर्ली मिडलटन यांच्या पुढाकाराने जे पथक उभं राहिलं ते पुढे ‘जे-सेट्स’ म्हणून गाजलं. त्यांची रीत मजेची आहे. पुढची मुलगी एक हालचाल सुरू करते, मागच्या रांगा ती उचलत जातात, आणि हालचाल पुढून मागे वाहत जाते. पुढचीने ऐन वेळी काय निवडलं हे मागच्यांना क्षणात ओळखावं लागतं. ही रीत दक्षिणेतल्या शहरांतल्या कृष्णवर्णीय समलिंगी तरुणांनी क्लबांत नेली, तिथे तिला ‘जे-सेटिंग’ नाव पडलं, आणि २००८ साली बियॉन्सेच्या ‘सिंगल लेडीज’च्या व्हिडिओत तिच्या खुणा साऱ्या जगाने पाहिल्या. २०१८ साली कोचेला महोत्सवात बियॉन्सेने सगळा रंगमंचच अशा बँडच्या थाटात उभा केला, तेव्हा उधारी एकदाची उघडपणे मान्य झाली, असं म्हणायला हरकत नाही.

मध्यंतर वीस मिनिटांचं. दोन संघ, दोन बँड, त्यातच वाटणी. एरवी अमेरिकेत मध्यंतराला लोक खायला उठतात. इथे लोक आधीच खाऊन घेतात आणि मध्यंतराला जागेवर येऊन बसतात. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. मग कुणालातरी सुचणारच, की नाक बाजूला ठेवून नुसता मोतीच दाखवावा. ग्रॅम्बलिंग आणि सदर्न यांचा ‘बायू क्लासिक’ हा सामना १९७४ पासून न्यू ऑर्लिन्सला थँक्सगिव्हिंगच्या शनिवार-रविवारच्या सुट्टीत होतो. आदल्या रात्री त्याच दोन विद्यापीठांच्या बँडची जुगलबंदी असते आणि लोक तिकीट काढून येतात. २००३ साली होंडा कंपनीने अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये निवडक बँड बोलावून फुटबॉलविना ‘बॅटल ऑफ द बँड्स’ हा मेळा भरवायला सुरुवात केली. जानेवारीतली ती संध्याकाळ म्हणजे दक्षिणेतल्या कित्येक कुटुंबांची वारीच झाली. पुढे हा मेळा २०२३ साली माँटगोमेरीला आणि २०२५ साली पार लॉस एंजेलिसजवळच्या सोफाय स्टेडियमलाही गेला.

नावात ‘बॅटल’ आहे, पण या होंडाच्या लढाईत परीक्षक नाही, गुण नाहीत, विजेता नाही. नवख्याला हे विचित्र वाटतं. २००२ साली आलेल्या ‘ड्रमलाइन’ या सिनेमाने, ज्यामुळे हे जग बाहेरच्यांना कळलं, शेवटी परीक्षक बसवून एका काल्पनिक विद्यापीठाला जिंकवलं. सिनेमाला विजेता लागतो. गॅलरीला लागत नाही, कारण निकाल तिने तिथल्या तिथे दिलेला असतो. कलगी-तुऱ्याचा फड ज्यांनी ऐकलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. सवाल टाकला, समोरच्याने जवाब दिला, आणि कुणाचा जवाब वरचढ हे लोकांच्या ओरडण्यावरून कळलं. ज्यांना गुणांचा तक्ता हवा त्यांच्यासाठी अमेरिकेत ड्रम कोअरची वेगळी दुनिया आहे. तिथे पाय जमिनीलगत सरकतात म्हणजे सूर हलत नाही, आणि परीक्षक उंचावर बसून दोष टिपतात. तीही थोर कला आहे, पण तिथे गॅलरीतला माणूस साक्षीदार असतो, इथे तो न्यायाधीश असतो.

या सगळ्याची एक काळी बाजू आहे आणि ती तळटीप म्हणून उरकता येणार नाही. नव्या मुलांना ‘क्रॅब’, म्हणजे खेकडे म्हणतात. त्यांनी जुन्यांचं मुकाट ऐकायचं. त्यातूनच छुपी मारहाण, ‘आमच्यात यायचं तर सोसून दाखव’ ही रीत बऱ्याच बँडमध्ये मुरली. नोव्हेंबर २०११ मध्ये ऑर्लँडोतल्या सामन्यानंतर मार्चिंग हंड्रेडच्या २६ वर्षांच्या ड्रम मेजरला बँडच्याच बसमध्ये सहकाऱ्यांच्या रांगांमधून लाथाबुक्क्या खात जावं लागलं आणि तो मेला. विद्यापीठाच्या अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं, काही मुलांना शिक्षा झाल्या, आणि फॉस्टर यांनी घडवलेला तो बँड २०१३ पर्यंत मैदानावर उतरला नाही. फॉस्टर त्याआधी वर्षभर, २०१० साली वारले होते. शेकडो मुलांना एका शिट्टीवर एक पाय वर धरायला लावणारी आज्ञाधारकता आणि बसमध्ये कुणालाही ‘पुरे’ म्हणू न देणारी आज्ञाधारकता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, असं म्हणायला मला आवडलं असतं.

तरी मुलं येत राहतात, आणि सगळी काही संगीत शिकायला येत नाहीत. कुणी इंजिनिअरिंगला असतं, कुणी नर्सिंगला. कित्येकांनी विद्यापीठ निवडलेलं असतं ते आईने किंवा मामाने त्याच बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवला होता म्हणून. काहींची फी बँडच्या शिष्यवृत्तीतून जाते. गॅलरीत त्यांचे हे आई-मामा बसलेले असतात, आणि मुलाचा गुडघा दोन बोटं जरी खाली राहिला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

फुटबॉलच्या सामन्याचे डाव चार. इथे पाचवाही असतो. सामना संपतो, खेळाडू आत जातात, हरल्या-जिंकल्याचे आकडे फलकावरून पुसले जातात आणि दोन्ही बँड आपापल्या गॅलरीत उभे राहून एकमेकांकडे वाद्यांची तोंडं वळवतात. इकडून एक गाणं, तिकडून एक. संचालक बोटांनी खूण करतो, ढोलवाला चार ठोके देतो आणि पाठ असलेल्या कित्येक गाण्यांतलं एक बाहेर येतं. आधी थांबायची दोघांचीही तयारी नसते. खाली सफाईवाले कागदी पेले गोळा करतात, दिवे एकेक करून मालवतात, आणि वरच्या रांगेतली एखादी आजी पर्स मांडीवर घेऊन अजून बसलेलीच असते, तिकडच्यांनी काय जवाब दिला ते ऐकायला.